पापणी लवणारा फोटो

"लवली! लवली बघा पापणी!"

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी किंचाळून सांगितलं आणि फर्निचरच्या शोरूमवरचा तो सबंध हॉल उठून उभा राहिला. तीनशे-साडेतीनशे माणसं होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींवर आदळल्या. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एका मध्यमवयीन माणसाचा फोटो होता. अगदी साधा, खांद्यापर्यंतचा, मागे पिस्त्याच्या रंगाची भिंत. हा माणूस पाच महिन्यांपूर्वी वारला होता. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या, ओठांचा कोपरा किंचित हलवला, आणि पुन्हा त्याचा फोटो झाला.

त्याची बायको मटकन खाली बसली. दोन सेविका तिला धरायला धावल्या. मागून कोणीतरी हुंदके द्यायला लागलं, आणि मग एकाचं पाहून दुसरा, असं करत अर्धा हॉल रडायला लागला.

पडद्याच्या बाजूला नेत्रगुरू उभे होते. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे नेत्रगुरूच म्हणत. स्वच्छ पांढरा सदरा, गालाला चिकटलेला बारीक माइक, आणि रेडिओवरच्या निवेदकासारखा मऊ आवाज.

"मी काही करत नाही हो," ते म्हणाले. "मी नुसती खिडकी. वारा तुमच्या माणसाचा. विज्ञानच सांगतं ना, ऊर्जा नष्ट होत नाही? मग नजर कुठे जाईल? नजर म्हणजे शुद्ध ऊर्जा. ती फोटोत साठते. क्वांटम पातळीवर साठते."

'क्वांटम' म्हणताना ते डोळे मिटून घेत. तो शब्द त्यांना फार जड जात असावा.

"काही लोक जुने कागदाचे फोटो घेऊन येतात," ते पुढे म्हणाले. "त्यांना मी हात जोडून परत पाठवतो. कागद मेलेला असतो. फोन जिवंत असतो. फोनला चार्जिंग लागतं, म्हणजे तो जेवतो. जो जेवतो तो जिवंत."

लोकांनी माना डोलावल्या. मला हसू आलं असतं, पण माझ्या शेजारी माझी ताई बसली होती आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. पुढचा नंबर तिचा होता.

ताईची मुलगी, माझी भाची, एकोणीस वर्षांची होती. तिला ताप आला, डोकं दुखायला लागलं, दुसऱ्या दिवशी ती कुणाला ओळखेना, आणि चौथ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी मेंदूज्वर असं लिहून दिलं. चार दिवस ही किती लहान गोष्ट असते! त्या आठवड्यात ताईनं भिजवलेले तिचे कपडे अजून वाळायचे होते. त्यानंतर दोन महिने ताई कामावर गेली, घरी आली, समोर ठेवलेलं अन्न तसंच उचलून ठेवत राहिली. ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कारखान्यातल्याच एका बाईनं तिला नेत्रगुरूंचं सांगितलं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, यायला साफ नाही म्हणाले. ते बस डेपोत मेकॅनिक. "इंजिन बंद पडलं की बंद पडतं," एवढंच बोलून ते बाहेर निघून गेले होते. म्हणून सोबत मी.

ताईनं भाचीचा फोन आणला होता. दारातच एक चष्मेवाली सेविका लॅपटॉप घेऊन बसलेली असे. तिनं फोनला वायर जोडली, ताईला हवा तो फोटो निवडायला सांगितला आणि चार प्रश्न विचारले. कधी गेली, कशानं गेली, तुम्हाला काय म्हणायची, शेवटचं काय बोलली. मग फोन परत दिला. त्याला आता तासभर झाला होता.

पडद्यावर माझी भाची आली. गच्चीवर काढलेला फोटो. मागे संध्याकाळचं आकाश, वर निळं, खाली उतरत केशरी. एक बट कपाळावर.

हॉल चिडीचूप झाला. नेत्रगुरूंनी पडद्याकडे तळहात केला. दहा सेकंदं गेली असतील. आणि तिनं पापणी लववली. हसू थोडं रुंदावलं.

"आई म्हणते आहे ती," नेत्रगुरू हळूच म्हणाले. "म्हणते, डोकं आता दुखत नाही."

ताईच्या घशातून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही.

आता मी काय पाहिलं ते सांगते.

मी एका वर्तमानपत्राच्या छायाचित्र विभागात काम करते. जुन्या निगेटिव्ह, जुने फोटो स्कॅन करून जपून ठेवायचे, आणि संपादकांना हवे ते काढून द्यायचे. सतरा वर्षं मी फोटोंच्या फाइली हाताळते आहे. बाहेरच्या माणसाला सगळे फोटो सारखेच. आमच्याकडे मात्र प्रत्येक फाइलचा स्वभाव माहीत असावा लागतो. कायमचं जपायचं ते टिफमध्ये. फाइल अवाढव्य होते, पण त्यातलं काही हरवत नाही. रोजच्या देवाणघेवाणीला जेपेग. ती आटोपशीर, पण दर वेळी जतन करताना थोडं थोडं टाकून देते. आणि हलणारी छोटी चित्रं असतात ती बहुतेक जिफ. या जिफची एक खोड आहे. तिच्या एका चित्रात फक्त दोनशे छप्पन्न रंग मावतात. साध्या चित्रात ते खपून जातं. पण संध्याकाळच्या आकाशासारखे एकात एक विरघळणारे रंग असले, की तिची तारांबळ उडते. रंग विरघळत नाहीत, त्यांच्या पायऱ्या पडतात.

भाचीची पापणी लवण्याआधी अर्धा सेकंद तिच्या मागच्या आकाशाला पायऱ्या पडल्या. पापणी लवून झाली, आणि आकाश पुन्हा मऊ झालं.

म्हणजे पडद्यावर एक फाइल होती, तिच्या जागी दुसरी आली, आणि मग पहिली परत आली. मला त्याच क्षणी कळलं. हलणारं चित्र कुठून आलं ते नेमकं कळलं नव्हतं, पण ही फाइलींची अदलाबदल आहे आणि कुणाचा आत्माबित्मा नाही, एवढं लख्ख कळलं.

आणि मी गप्प बसले.

कारण ताई हसत होती. दोन महिन्यांनी हसत होती. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, भांडी घासली, मला म्हणाली, "तू आलीस म्हणून मला धीर आला गं." मी म्हटलं, असू दे. खोटं तर खोटं, तिला आधार मिळतोय ना. वेळ आली की सांगू. मी स्वतःला फार समजूतदार समजत होते.

ताई दर आठवड्याला जायला लागली. मी पुन्हा गेले नाही. तिथे 'शुद्धी' नावाचा प्रकार होता. प्रत्येकानं आपल्या फोनवरचा फोटो सेविकेला पाठवायचा; ताईच्या फोनवर तो पहिल्याच दिवशी आला होता. गुरू त्यावर 'तेज' घालून परत पाठवायचे. मग आधीचा फोटो पुसून टाकायचा आणि नवा ठेवायचा. पुढच्या आठवड्यात तोच परत पाठवायचा. "जुनं रूप ठेवलंत तर धागे दोन होतात, आणि आत्मा गोंधळतो," असं सेविकेचं म्हणणं. आत्मा हा बिचारा बराच गोंधळणारा प्राणी असावा.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस ताई माझ्या कचेरीतच आली. डोळे सुजलेले. फोन माझ्यासमोर धरला.

"बघ ना. ती दूर चाललीय."

भाचीचा चेहरा ओळखू येत होता, पण जेमतेम. गालांवर चौकोनी ठोकळे उठले होते. डोळ्यांच्या कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या. बट तर दिसतच नव्हती.

"ताई, हे फाइल खराब होण्यामुळे होतं. पुन्हा पुन्हा पाठवल्यानं—"

"ते म्हणाले होते तू असं म्हणशील," ती शांतपणे म्हणाली. "घरात शंका आहे, म्हणून ती थांबत नाही. आधी ह्यांना वाटायचं, आता तुलाही वाटतं."

"अगं, पण ऐक तरी."

"नको. तू बोललीस की तिला त्रास होतो."

ती उठून गेली. मी मागे धावायला हवं होतं. माझ्या टेबलावर त्या दिवशी चाळीस फोटो पडले होते. मी म्हटलं, रविवारी जाऊन नीट समजावते. तिचं माझ्याशी बोलणं त्या दिवशी बंद झालं. भाऊजींशी तर आधीच बंद होतं. एका घरात दोघं राहत होते आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर चिठ्ठ्या ठेवत होते. माझा रविवार काही आला नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी अकराच्या सुमाराला कारखान्यातून फोन आला. मशीनवर बसल्या बसल्या ताईच्या हातातून कापड सुटलं. मुकादम बाई ओरडली, "सुई बघा!" तर ताई तिच्याकडे पाहत राहिली, आणि तोंड एका बाजूला गेलं.

ताईच्या हृदयाची झडप आठ वर्षांपूर्वी बदललेली होती. रक्त पातळ ठेवायची एक गोळी तिला रोज घ्यावीच लागे. आठ वर्षांत तिनं एकदाही चुकवली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. "गोळी कधीपासून बंद आहे?"

"बंद नाही," भाऊजी म्हणाले. "मी स्वतः आणून देतो."

"रक्त तपासलंय मी. निदान दोन-तीन आठवडे पोटात गेलेली नाही. गाठ झाली, ती मेंदूत गेली. उजवा हात आणि बोलणं, दोन्हीवर परिणाम आहे. जीव वाचलाय. पुढचं आताच सांगता येणार नाही."

गोळ्या मला ताईच्या कपाटात सापडल्या, भाचीच्या ओढणीत गुंडाळलेल्या. आणि तिच्या फोनमध्ये चष्मेवाल्या सेविकेचा मेसेज सापडला: 'रक्तात परकं औषध आहे तोवर धागा घट्ट होणार नाही. ज्यांनी गोळ्या थांबवल्या त्यांच्या फोटोत फरक पडला आहे. कुणाला सांगू नका, सांगितल्यानं फळ जातं.'

मी तो मेसेज भाऊजींना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग ते बाकावर बसले आणि ग्रीसनं काळ्या झालेल्या तळव्यांत तोंड लपवून रडले. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून भाचीचा फोन काढला.

"हा माझ्याकडे होता. तुझ्या ताईनं पहिल्या दिवशी तिथून आणला, तसा मी डेपोत नेऊन ठेवला. ती म्हणायची यातलं सगळं पुसून टाकायचंय. मला पुसवेना. तुला काही उपयोग होतो का बघ."

तो फोन मी कचेरीत नेला आणि आमच्या मास्तरांसमोर ठेवला. मास्तर म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात जुने फोटोग्राफर. शिकवतात म्हणून मास्तर. त्यांनी गच्चीवरचा फोटो उघडला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि फोटोवर नुसतं बोट दाबून धरलं.

फोटो हलला.

"हे घे तुझं क्वांटम," मास्तर म्हणाले. "या नव्या फोनांत असतंच हे. तू बटण दाबायच्या आधीची दीड आणि नंतरची दीड, अशी तीन सेकंदं फोन गुपचूप टिपून ठेवतो. फोटोलाच तो एवढासा व्हिडिओ चिकटलेला असतो. लोकांच्या ध्यानीमनीही नसतं. मेसेजमधून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो गळून पडतो. वायर लावून मूळ फाइल उचलली की अख्खा येतो."

"म्हणून वायर."

"म्हणून वायर. आणि म्हणून कागदाचा फोटो चालत नाही. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. तीन सेकंदांत बहुतेक वेळा एकदा सापडते. तेवढा तुकडा कापायचा, आवाज काढून टाकायचा, जिफ करायचं. लॅपटॉपवाल्या बाईला तासभर पुष्कळ झाला."

पण हे माझ्या आणि मास्तरांच्या समाधानापुरतं झालं. हॉलमधल्या साडेतीनशे माणसांना जिफ आणि जेपेग सांगून काय उपयोग? त्यांना दिसलं पाहिजे.

मास्तरांनी आपल्या फोनवर माझा फोटो काढला. हिरवा स्वेटर, मागे फायलींची कपाटं. मी नीट पापण्या लववल्या. तो फोन घेऊन, मास्तरांना सोबत घेऊन, मी एका शनिवारी दुपारी हॉलवर गेले. चार महिन्यांपूर्वी एकदाच आलेली बाई कोण लक्षात ठेवणार?

"कोण गेलं?" सेविकेनं विचारलं.

"बहीण."

तिनं फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "चेहरा अगदी तुमचाच!"

"जुळ्या होतो."

"अरेरे," ती म्हणाली, आणि वायर जोडली. मी वडिलांचाही एक फोटो दिला. अकरा वर्षांपूर्वीचा, कागदावरून स्कॅन केलेला. तिनं तो लॅपटॉपवर उघडून पाहिला आणि मान हलवली. "हे पुढे निघून गेलेत. यांची नजर नाही उरली."

"इतक्यात कसं कळलं?" मी विचारलं. "गुरूंनी तर अजून पाहिलाही नाही."

ती पुढच्या माणसाच्या फोनला वायर जोडायला लागली.

तासाभरानं मी पडद्यावर आले. मी लववलेली पापणी लवली. नेत्रगुरूंनी डोळे मिटले. "बहीण म्हणते आहे, मी गेले तेव्हा तू जवळ नव्हतीस, त्याचं दुःख करू नकोस. मी आता प्रकाशात आहे."

मी उभी राहिले. अंगावरचा कोट काढला. आत तोच हिरवा स्वेटर होता.

"गुरुजी, मला जुळी बहीण नाही. पडद्यावर आहे ती मीच. परवा दुपारी तीन वाजता काढलेला फोटो आहे. मी प्रकाशात नाही, फायलींच्या खोलीत आहे."

कुठेतरी कोणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं.

नेत्रगुरूंना मानलं पाहिजे. क्षणभरही अडखळले नाहीत. "जिवंत माणसाचीही नजर ऊर्जाच असते, ताई. तुम्ही खोटं बोललात, तरी फोटो खरंच बोलला."

"मग मी गेले असं त्यानं तुम्हाला का सांगितलं?"

माझ्या शेजारचे मास्तर तोवर पुढच्या रांगेत पोचले होते. तिथल्या एका बाईंचा त्यांनी फोटो काढला आणि फोन त्यांच्याच हातात दिला. "बाई, फोटोवर बोट दाबून धरा. सोडू नका."

बाईंनी दाबलं. "अगंबाई! ही तर मीच हलतेय!"

"गुरूंची कृपा?" मास्तरांनी विचारलं. "की फोनची? ज्यांचा फोन नवा आहे त्यांनी आपापल्या माणसाचा मूळ फोटो काढा. बोट दाबून धरा."

यानंतर जे झालं ते आम्ही दोघांनीही मनात धरलं नव्हतं. आम्हाला फक्त युक्ती दाखवायची होती. फोन बाहेर निघाले. एक, दहा, पन्नास. आणि हॉलमध्ये आवाज यायला लागले. बारीक, तुटके, फोनच्या डबीतून येणारे. कुणाचा तरी खोकला. "काढलास का?" "थांब, पदर—" एका म्हाताऱ्या माणसाचं हसणं. गेलेली माणसं तीन-तीन सेकंद बोलत होती, आणि त्यांच्या घरचे फोन कानाला लावून पुन्हा पुन्हा तेच ऐकत होते. इतके महिने हे त्यांच्या खिशात होतं. पडद्यावर दाखवताना त्यातला आवाज तेवढा चोरला होता, कारण "काढलास का?" असं आत्मा विचारत नाही.

पहिल्या दिवशी मटकन बसलेल्या त्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कितीदा तरी त्यांनी बोट दाबलं. मग माझ्याकडे आल्या.

"माझ्यात काही हलत नाही हो."

त्यांच्या फोनवरचा फोटो मी पाहिला. ठोकळे पडलेला. पिस्त्याच्या रंगाची भिंत ओळखू येत नव्हती.

"मूळचा कुठे आहे?"

"पुसला ना. जुनं रूप ठेवायचं नाही म्हणाले होते." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुम्ही दोन महिन्यांआधी का नाही आलात?"

मूळ फोटो पुसून बसलेली अशी तिथे साठ-सत्तर माणसं निघाली. एक म्हातारे गृहस्थ तर मला म्हणाले, "तो खोटा असेल, पण माझा मुलगा दर शनिवारी तिथे होता. तुम्ही तोही नेलात." मी ऐकून घेतलं. त्यांना ते बोलायचा हक्क होता.

गडबडीत सेविकेनं लॅपटॉप मिटला आणि ती आणि नेत्रगुरू मागच्या जिन्यानं निघून गेले. आम्ही तो मेसेज आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडून तक्रार दिली आहे. हॉल रिकामा झाला. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या शोरूमवर तो भरला नसेल, याची मला खात्री नाही.

ताईला घरी आणल्यावर आठ-दहा दिवसांनी मी तिच्याजवळ बसले. तिचा उजवा हात उशीवर ठेवलेला असे, जसा कुणी दुसऱ्याचाच हात जपायला दिलाय. बोलणं थोडं परत आलं होतं. एकेक शब्द शोधून काढायची.

"ताई, कॉलरचा कागदी नमुना असतो ना तुमच्याकडे?"

तिनं मान हलवली.

"त्या नमुन्यावरून कापड कापलं, मग कागद फेकून दिला. त्या कापडावरून दुसरं कापलं, त्यावरून तिसरं..."

तिचे ओठ हलले. बराच वेळ लागला. "कॉलर... बिघडते."

"विसावी कॉलर कशी होईल?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पंचवीस वर्षं कॉलरी शिवलेल्या बाईला आणखी काय समजावायचं? मग ती म्हणाली, "म्हणजे... ती... दूर नव्हती गेली?"

"नाही गं. ती आपल्यातून गेली त्या चौथ्या दिवशीच. तुझ्या गोळीमुळे नाही, भाऊजींमुळे नाही. त्यानंतर ती कणभरही लांब गेलेली नाही. जी खराब झाली ती नुसती फाइल होती."

भाऊजी दारात उभे होते. मी फोन त्यांच्याकडे दिला. फोटो त्यांनीच काढलेला होता. त्यांनी ताईच्या डाव्या हाताचं बोट धरलं आणि फोटोवर टेकवलं.

आकाश पहिल्यासारखं निळं-केशरी होतं. बट वाऱ्यानं उडाली. "केस मागे घे गं," असा एक खणखणीत आवाज आला. तो ताईचा होता, फोटोच्या बाहेर उभ्या असलेल्या धडधाकट ताईचा. आणि भाची म्हणाली, "असू दे गं आई." पापणी लवली. संपलं.

ताईनं पुन्हा बोट दाबलं. आणि पुन्हा. डोकं दुखत नाही असं कोणी म्हटलं नाही. प्रकाशात आहे असं कोणी म्हटलं नाही. भाऊजी पलंगाच्या कडेवर बसले आणि कितीतरी दिवसांनी त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मूळ फाइलच्या तीन प्रती करून मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. ताईचा हात अजून सुई धरू शकत नाही. धरेल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, नाही असंही म्हणत नाहीत.

वाचणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे. दुःखात माणूस काहीही मानायला तयार होतो, त्यात त्याची लाज नाही. पण शेजारी बसलेल्या आपल्यासारख्यांनी तरी डोळे उघडे ठेवावेत. कोणी चमत्कार दाखवला तर विचारा: हे कशानं होतं? जिथे चमत्कार होत नाही, तिथे का होत नाही? दुसऱ्या कुणी केलं तर होतं का? हे विचारल्यावर जो रागावतो, किंवा कुणाला सांगू नका म्हणतो, त्याच्यापासून आपलं माणूस बाजूला घ्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर थांबवू नका. आणि तुम्हाला काही कळलं असेल, तर ते त्याच दिवशी बोला. समोरचा हसत असला तरी बोला. तो चिडेल, बोलणं टाकेल, शिव्या देईल. देऊ दे. मी चार महिने गप्प बसले, आणि त्याला मी माया असं नाव दिलं होतं.